नियामक टी-पेशी आणि विषाणुजन्य कावीळ

नियामक टी-पेशी : रक्तातील टी-लसिकापेशींपैकी इतर टी-पेशींना आवर घालणारा गट. सीडी४ टी-पेशींत यांचे प्रमाण साधारण ५ ते १० टक्के असते. पृष्ठभागावरील सीडी२५ आणि केंद्रकातील फॉक्सपी३ या प्रथिनांवरून त्या ओळखतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या. या विषयातील कामासाठी २०२५ चे वैद्यकाचे नोबेल त्यांना मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळाले.

काविळीचे विषाणू यकृतपेशीत शिरून वाढतात, पण बहुधा तिला स्वतः मारत नाहीत. विषाणू बसलेली पेशी हेरून आपल्याच मारक टी-पेशी ती फोडतात. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, जेवणाची शिसारी येणे यांमागे मुख्यतः हा मारा असतो. तो कमी पडला तर विषाणू ठाण मांडतो. अति झाला तर यकृत निकामी होते. नियामक पेशी इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा ही द्रव्ये सोडून मारा बेतात ठेवतात. मारक पेशींना वाढीसाठी लागणारे इंटरल्यूकिन-२ हे द्रव्यही त्या स्वतःच शोषून घेतात.

विषाणुजन्य काविळीच्या अ, ब, क, ई अशा प्रकारांपैकी कोल्हापूर जिल्ह्याला ई कावीळ जवळची. २०१२ मध्ये इचलकरंजीत तिची मोठी साथ आली होती. दूषित पाण्यातून ती पसरते, म्हणून बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याच्या टापूत, हंगामात ऊसतोड टोळ्यांची खोपटी पडतात तिथे, पाणी कुठून भरले जाते हा प्रश्न औषधाइतकाच मोलाचा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत अनुराधा त्रिपाठी, विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी ई काविळीच्या रुग्णांच्या नियामक पेशी तपासल्या. २०१२ च्या त्यांच्या शोधनिबंधात तीव्र आजारात या पेशींचे प्रमाण वाढलेले आढळले.

गावाकडे अजूनही गळ्यात काविळीची माळ घालतात. ओल्या काड्या वाळून आकसल्या की दोऱ्याचे वेढे सैल होतात आणि माळ लांबत पोटापर्यंत येते. कावीळ उतरली, असे घरचे म्हणतात. रुग्ण तोवर खरोखरच सुधारलेला असतो, कारण अ आणि ई कावीळ बहुतेकांत आपोआप बरी होते. गरोदर बाईला मात्र माळेच्या भरवशावर घरी ठेवू नये. शेवटच्या तीन महिन्यांत ई काविळीने शंभरातल्या २० ते २५ जणी दगावू शकतात. गर्भ टिकावा म्हणून याच काळात नियामक पेशींचा तोल बदललेला असतो. या मृत्यूंशी त्याचा नेमका संबंध अजून उलगडलेला नाही.

अ काविळीत ई काविळीच्या उलट चित्र दिसते : नियामक पेशी मरून घटतात, आणि घट जितकी जास्त तितकी यकृताची हानी मोठी.

ब आणि क प्रकारांत आजार वर्षानुवर्षे रेंगाळू शकतो. अशा रुग्णांच्या रक्तात आणि यकृतात नियामक पेशी वाढलेल्या आढळतात. विषाणू टिकण्याचे हे कारण की परिणाम, यावर संशोधकांचे एकमत नाही. हा आवर औषधाने काढावा तर दबलेला यकृतदाह उसळण्याचा धोका, म्हणून तो मार्ग प्रयोगापुरताच राहिला आहे. जन्मावेळी ब विषाणू लागलेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्क्यांत तो कायमचा राहतो, मोठेपणी लागला तर ५ टक्क्यांहून कमी जणांत. त्यामुळे बाळंतपण दवाखान्यात होवो की घरी, ब काविळीची पहिली लस २४ तासांच्या आत टोचावी लागते.