गोधडीचं गोत्र

गोधडी गरिबीच्या पोटी जन्मली, असं आपण सहज म्हणून जातो. पण फाटकं जोडायचं तर आधी पुरेसं फाटकं घरात साठावं लागतं. नेसायला दोनच वस्त्रं आणि तीही अंगावर विरेपर्यंत वापरायची, अशी गत असेल तर थरावर थर घालायला जुनेर आणायचं कुठून? गोधडीला गरिबी लागते हे खरं, पण थोडी कापडाची चैनही लागते.

म्हणूनच की काय, जुन्या ग्रंथांत जोडकापड भेटतं ते संसारी माणसाच्या अंथरुणात कमी आणि घर सोडलेल्याच्या अंगावर जास्त. भर्तृहरीच्या ‘वैराग्यशतका’तला विरक्त कंथा पांघरतो, नाथपंथी जोगीही पांघरतो. बौद्ध भिक्षूंच्या चीवराची हकिकत तर विनयपिटकात तपशिलासकट आहे. राजगृहाहून दक्षिणगिरीकडे जाताना बुद्धांनी मगधातली बांध घातलेली शेतं पाहिली आणि आनंद या शिष्याला विचारलं, असं चीवर शिवता येईल का? आनंदानं ते करून दाखवलं. लांब-आखूड पट्टे, मध्ये बांधासारख्या शिवणी. यामागचं एक कारण भलतंच व्यवहारी आहे. अखंड कापडावर दुसऱ्याचा डोळा असतो, कापून जोडलेल्या कापडाचा कुणाला मोह होत नाही. म्हणजे तुकडे पाडले ते कापड अपुरं होतं म्हणून नव्हे, तर त्याची किंमत उतरावी म्हणून. गाडगेबाबांना त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांमुळे लोक गोधडेबुवाही म्हणत, ते याच घराण्यातलं.

इंग्लंडात मात्र नेमकं उलटं झालं. कंब्रियातल्या लेव्हन्स हॉल या जुन्या वाड्यात 1708 च्या सुमाराची एक रजई आहे. इंग्लंडातल्या जोडकामाच्या जुन्यात जुन्या नमुन्यांत तिची गणना होते. तिचे तुकडे आहेत भारतातून गेलेल्या छिटाचे. धुतलं तरी रंग न सोडणारं हे सुती कापड तिकडे इतकं खपू लागलं की लोकर आणि रेशीम विणणारे हवालदिल झाले. मग 1701 पासून छापील सुती मालाच्या आयातीवर बंधन आलं, 1721 च्या कायद्यानं ते अंगावर घालणं आणि घरात वापरणंही बहुतांशी बंद झालं. ही बंदी उठायला 1774 साल उजाडलं. ज्या कापडाची एवढी मारामार, त्याची कातरणं कोण फेकेल? जगभरच्या गृहिणींच्या काटकसरीचं प्रतीक मानली जाणारी तुकड्यांची रजई तिथे सुरू झाली ती अशा श्रीमंतांच्या घरी, चैनीच्या मालातून.

तिथलं तंत्रही तसंच नाजूक. 1718 साल टाकलेली एक रेशमी चादर इंग्लंडात जपून ठेवली आहे, तिच्या तुकड्यांत आकाराचे कागद अजून तसेच आहेत. प्रत्येक चिंधी कागदावर दुमडून टाचायची, मग काठाला काठ भिडवून बारीक टाक्यांनी शिवायचं. वरचा पदर असा पुरा झाला की खाली अस्तर, रजई करायची तर मध्ये कापूस किंवा लोकर, आणि मग सगळं एकत्र शिवायचं. जोडणं हे एक काम आणि शिवणं हे दुसरं.

आपल्याकडे ही दोन कामं वेगळी झालीच नाहीत, आणि माझ्या मते गोधडीचं गोत्र ओळखायचं ते यावरून. सुरुवात जमिनीवर होते. नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येकी दोन मीटर भरतात. दोन शेजारीशेजारी जोडून खालचा पदर, दोन जोडून वरचा. एका लुगड्यात दोघांना पुरेल अशा गोधडीचे दोन्ही पदर निघतात. मधल्या थरांत काहीही चालतं, धोतराचा धड राहिलेला भाग, सदऱ्याची पाठ, परकराचा घेर. विरलेलं कापड मध्ये जातं, मजबूत ते बाहेर. वरच्या पदराला भोक असलं तर त्यावर खणाचं ठिगळ बसतं, आणि त्याच्या कडा टाका घालता घालताच बोटानं आत दुमडल्या जातात.

मग कड धरून धावदोरा. लांब सुई, जाड दोरा, टाक्यांच्या दोन रांगांत बोटभर अंतर. कडेनं चारी बाजू फिरून यायचं, मग त्याच्या आत दुसरी चौकट, तिच्या आत तिसरी. प्रत्येक फेरीआधी तळहातानं सुरकुती मध्याकडे लोटत न्यावी लागते. ती एका जागी अडली की तिथे फुगा येतो आणि मग उसवण्यावाचून गत्यंतर नसतं. ठिगळ बसणं आणि थर एकजीव होणं, दोन्ही याच एका टाक्यानं होतं. त्यामुळे एखाद्या जागी वरचं कापड जाळीसारखं विरलं तरी गोधडी सुटत नाही. ती दोऱ्यावर तगते.

साधू-जोग्याच्या खांद्यावरून ही गोष्ट प्रत्येक घराच्या वळकटीत केव्हा आली? मला वाटतं, गिरणीचं स्वस्त कापड गावोगाव पोहोचल्यावर. कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढली ती 1854 मध्ये. नंतर गिरण्या वाढल्या, धोतर-लुगड्यांची आवक वाढली, तेव्हा कुठे जुनेराची बोचकी माळ्यावर साठू लागली असणार. सातारा-कोल्हापूरकडची वाकळ काय किंवा लेकराचं दुपटं काय, त्यांना आधी हे बोचकं हवं.

याच घराण्याची एक शाखा घाटापलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी राहतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांपैकी जे निसटले किंवा सुटले, त्यांचे हे बरेचसे वंशज. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे तिन्ही आहेत आणि त्यांची घरातली बोली कोकणीच्या जवळची. त्यांच्या बायका कवंदी शिवतात. खाली जुनी साडी, वर चिंध्या. कोपऱ्यातून सुरुवात करून कडेकडेनं फिरत एकेक तुकडा लावत आत जायचं. मोजपट्टी नाही, आखणी नाही. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणी चिंध्यांचं ‘फूल’ बसतं, त्याशिवाय कवंदी पुरी होत नाही. तिच्या भडक रंगांत आफ्रिका शोधणारे अभ्यासक आहेत आणि रंगांच्या मांडणीबाबत त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. टाका मात्र इथलाच, आजूबाजूच्या कौदी-गोधडीतला. 2004 मध्ये कलेतिहासकार हेन्री ड्रूअल यांच्या मदतीनं सिद्दी बायकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि कवंदी अमेरिकेपर्यंत गेली. तिथे हौसेनं रजया शिवणाऱ्यांना नवल वाटतं ते वरचा पदर आधी तयार न करता थेट शिवायला बसण्याचं.

गोधडीला फटका रजई-ब्लँकेटनी दिला, त्याहून जास्त पॉलिस्टरनं. सुती लुगडं शंभरदा धुतल्यावर मऊ पडतं, जुनेर होतं. सिंथेटिक साडी फाटतही नाही आणि मऊही होत नाही. तिचे थर एकमेकांवरून घसरतात, घाम टिपत नाहीत. शिवणारीनं कितीही टाके घातले तरी सुरकुती पुन्हा वर येते. म्हणून आता गोधडी शिवून देणाऱ्या बायका गिऱ्हाइकाला पहिल्यांदा कापडाचंच विचारतात. आईची साडी सुती असेल तर ती वर येते. रेशमी किंवा नायलॉनची निघाली तर तिचा फक्त काठ कापून कडेला लावतात आणि पोटात घालायला दुकानातून नवं मलमल आणायला सांगतात.