डोळ्यांच्या क्षेत्रात पीजी करायचंय? एमएस, डीएनबी, एम.ऑप्टम आणि व्हिजन सायन्स यातला फरक समजून घ्या

या साइटवर आपण फोनचा कॅमेरा, डिस्प्ले, एआय असे विषय नेहमी बघतो. आज विषय थोडा वेगळा आहे, पण वाटतो तितका लांबचा नाही. मी स्वतः ऑप्टोमेट्रिस्ट आहे. पुण्यात एम.ऑप्टम केलं आणि सध्या डोळ्यांच्या फोटोंवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टीममध्ये काम करतो. त्यामुळे धाकट्या भावंडांकडून आणि ज्युनिअर मुलांकडून एक प्रश्न मला सतत येतो: "दादा, डोळ्यांच्या लाइनमध्ये पुढे शिकायचं असेल तर नेमकं काय करायचं?"

याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण "डोळ्यांचा डॉक्टर" या एकाच शब्दाखाली आपण तीन-चार वेगळी माणसं कोंबतो. आधी ती वेगळी करू.

कोण काय करतं?

ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट म्हणजे नेत्ररोगतज्ज्ञ. हा आधी एमबीबीएस झालेला असतो, नंतर डोळ्यांत पीजी करतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन, काचबिंदूवर उपचार, पडद्यावर लेझर, डोळ्यात इंजेक्शन ही सगळी कामं त्याची.

ऑप्टोमेट्रिस्ट एमबीबीएस नसतो. बारावी सायन्सनंतर बी.ऑप्टम, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. चष्म्याचा नंबर काढणं, कॉन्टॅक्ट लेन्स बसवणं, तिरळेपणा किंवा आळशी डोळ्यासाठी व्यायाम देणं, ज्यांची नजर खूप कमी आहे त्यांना भिंगं आणि उपकरणं शिकवणं, आणि आजाराची शंका आली की वेळेवर डॉक्टरकडे पाठवणं. ऑपरेशन करत नाही.

ऑप्टिशियन चष्मा बनवून देतो. आणि व्हिजन सायंटिस्ट पेशंट बघेलच असं नाही. तो "आपल्याला दिसतं कसं?" या प्रश्नावर संशोधन करतो.

ही चौकट डोक्यात बसली की पीजीचे रस्ते आपोआप वेगळे होतात.

रस्ता पहिला: एमएस किंवा डीएनबी

एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर नीट पीजी. ही परीक्षा एनबीईएमएस घेते, २०० प्रश्न, ८०० गुण, आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा ऑल इंडिया कोट्यातून एमसीसी भरते, उरलेल्या राज्य कोट्यातून. महाराष्ट्रात ते काम सीईटी सेल करतो. एम्स, चंदीगडचं पीजीआय, पुद्दुचेरीचं जिपमर यांसारख्या संस्थांसाठी मात्र आयएनआय-सीईटी ही वेगळी परीक्षा द्यावी लागते.

एमएस ऑफ्थॅल्मॉलॉजी तीन वर्षांचं. दिल्लीच्या एम्समध्ये, म्हणजे तिथल्या डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्रात, याच शिक्षणाच्या पदवीला एमडी म्हणतात. नाव बघून गोंधळू नका. डीएनबी पण तीन वर्षांचं, फक्त ते मेडिकल कॉलेजऐवजी एनबीईएमएसने मान्यता दिलेल्या हॉस्पिटलात होतं. शिवाय दोन वर्षांचा डिप्लोमा असतो. तो झाल्यावर पुढे दोन वर्षांचं सेकंडरी डीएनबी करता येतं.

आपल्याकडे मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज म्हणजे जे.जे., पुण्याचं बी.जे., नागपूरचं शासकीय महाविद्यालय इथे हे शिक्षण मिळतं. राज्याबाहेर तीन नावं प्रत्येक रेसिडेंटच्या तोंडी असतात: मदुराईचं अरविंद (१९७६ साली ११ खाटांवर सुरू झालेलं), चेन्नईचं शंकर नेत्रालय (१९७८) आणि हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद (१९८७).

कॉलेज निवडताना मुलं इमारत आणि शहर बघतात. माझ्या मते एकच प्रश्न विचारायला हवा: तीन वर्षांत रेसिडेंटला स्वतःच्या हाताने किती ऑपरेशन्स करायला मिळतात? डोळ्याची सर्जरी मायक्रोस्कोपखाली, मिलिमीटरच्या हिशोबात होते. ती बघून येत नाही, करूनच येते. एखाद्या नावाजलेल्या ठिकाणी सीनिअर सर्जन भरपूर असतील तर रेसिडेंटच्या वाट्याला कमी केसेस येऊ शकतात, आणि गर्दीच्या सरकारी हॉस्पिटलात हात लवकर बसू शकतो. त्यामुळे तिथे आत्ता शिकत असलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला फोन करा, वेबसाइटवर विसंबू नका. थिसिस, जिल्हा रुग्णालयातली तीन महिन्यांची ड्युटी आणि बाँड हेही याच रस्त्यावर आहेत. बाँडची अट प्रवेशाआधी नीट वाचा, सही केल्यावर नाही.

पुढे कॉर्निया, रेटिना, ग्लॉकोमा, लहान मुलांचे डोळे अशा एकेका भागात फेलोशिप करतात. आजकाल रेटिना सर्जन व्हायचं तर ती जवळपास धरूनच चालावी लागते.

रस्ता दुसरा: एम.ऑप्टम, आणि इथे सावध राहा

बी.ऑप्टमनंतर दोन वर्षांचं एम.ऑप्टम. यात कॉन्टॅक्ट लेन्स, लो व्हिजन, बालदृष्टी, दोन्ही डोळ्यांचा ताळमेळ असे विषय खोलात शिकवतात आणि एक संशोधन प्रबंध असतो. चेन्नईचं एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री १९८५ चं आहे. पुण्यात भारती विद्यापीठ, मुंबईत लोटस कॉलेज ही आपल्याकडची ओळखीची नावं.

आता खरी अडचण सांगतो. ऑप्टोमेट्रीसाठी देशात बरीच वर्षं स्वतंत्र कायदाच नव्हता. डॉक्टरांसाठी कौन्सिल होतं, डेंटिस्टसाठी होतं, आमच्यासाठी नव्हतं. त्यामुळे कोणीही गाळ्यात चार खुर्च्या टाकून "डिप्लोमा इन ऑप्टोमेट्री" सुरू करायचा. माझ्या ओळखीतली एक मुलगी, वडील एसटीत कंडक्टर, अशाच एका संस्थेत दोन वर्षं शिकली. फी भरली, सर्टिफिकेट मिळालं. मग एम.ऑप्टमला अर्ज केला तेव्हा कळलं की त्या कागदामागे कोणतंच विद्यापीठ नाही. तिला पुन्हा पहिल्या वर्षापासून बी.ऑप्टम करावं लागलं. ती हुशार म्हणून तरली. पण गेलेली दोन वर्षं आणि बापाचे पैसे कोण परत देणार?

२०२१ मध्ये संसदेने नॅशनल कमिशन फॉर अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा केला. ऑप्टोमेट्री त्यात येते. या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायला युजीसीने २०२५ च्या सत्रापासून बंदी घातली आहे. म्हणजे "घरबसल्या एम.ऑप्टम" अशी रील दिसली तर सरळ पुढे स्क्रोल करा. प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी तपासा: पदवी देणारं विद्यापीठ युजीसीच्या यादीत आहे का, पदवीवर संस्थेचं नाव येणार की विद्यापीठाचं, आणि पेशंट बघायला स्वतःचं किंवा जोडलेलं डोळ्यांचं हॉस्पिटल आहे का. तिसऱ्याचं उत्तर गोलमोल मिळालं तर तिथून उठा.

रस्ता तिसरा: व्हिजन सायन्स म्हणजे काय रे भाऊ?

हा माझा आवडता भाग, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

तुमच्या डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या साधारण १२ कोटींहून जास्त पेशी आहेत. पण डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू आहेत जेमतेम १० ते १२ लाख. म्हणजे शंभरापेक्षा जास्त पेशींचा डेटा एका वायरवर. याचा अर्थ असा की फोटो मेंदूत पोचण्याआधीच डोळ्याचा पडदा त्याचं कॉम्प्रेशन करतो. कडा, फरक, हालचाल ठेवतो आणि बाकीचं बरंच गाळतो. जेपीईजी येण्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे! हे गाळणं नेमकं कसं होतं, हा व्हिजन सायन्सचा प्रश्न. मेंदूचा दृष्टीचा भाग या माहितीचं पुढे काय करतो हे ह्यूबेल आणि वीझल यांनी शोधलं, १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

दुसरं उदाहरण तुमच्या हातातच आहे. ६/६ नजर म्हणजे काय? सहा मीटरवरून साधारण ८.७ मिलिमीटर उंचीचं अक्षर ओळखता येणं. त्या अक्षराची एकेक रेघ डोळ्याशी एका अंशाचा साठावा भाग इतका कोन करते. हाच कोन ३० सेंटिमीटरवर धरलेल्या फोनला लावा. गणित केलं तर इंचाला साधारण २९० पिक्सेल येतात. त्यापुढे सामान्य नजरेला पिक्सेल सुटे दिसत नाहीत. २०१० मध्ये आयफोन ४ आला तेव्हा ॲपलने ३२६ पीपीआयच्या स्क्रीनला "रेटिना डिस्प्ले" नाव दिलं ते याच हिशोबावर. काही जणांची नजर ६/६ पेक्षा तीक्ष्ण असते, त्यांना थोडा जास्त फायदा होतो. पण फोन नेहमीच्या अंतरावर धरून वाचताना ५०० च्या पुढच्या पीपीआयसाठी जास्त पैसे मोजू नका, हे मी ऑप्टोमेट्रिस्ट म्हणूनही सांगेन.

तिसरं उदाहरण आपल्या देशातलं. एमआयटीचे प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशमध्ये जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर भारतात ऑपरेशन होतं, आणि नजर आल्यावर मेंदू बघायला कसा शिकतो याचा अभ्यास होतो. २०११ मध्ये त्यांनी पाच मुलांवरचा निष्कर्ष छापला. हाताने चाचपून ओळखलेली वस्तू नजर आल्याबरोबर डोळ्यांनी ओळखता येते का, हा तत्त्वज्ञांचा तीनशे वर्षं जुना प्रश्न होता. उत्तर: लगेच नाही येत, पण थोड्या दिवसांत जमायला लागतं. म्हणजे दिसणं हे नुसतं डोळ्याचं काम नाही, ते शिकावं लागतं. एखादं मूल ऑपरेशनसाठी उशिरा आलं तरी "आता काय उपयोग" म्हणून त्याला परत पाठवू नये, याला अशा अभ्यासातून बळ मिळतं.

या क्षेत्रात यायला एमबीबीएस किंवा बी.ऑप्टमच लागतं असं नाही. फिजिक्स, मानसशास्त्र, न्यूरोसायन्स, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग अशा कुठूनही मुलं येतात. भारतात एल. व्ही. प्रसाद आणि शंकर नेत्रालय इथे पीएचडीच्या पातळीचं काम चालतं. बाहेर अमेरिकेत बर्कली, कॅनडात वॉटरलू, ऑस्ट्रेलियात सिडनीचं यूएनएसडब्ल्यू ही विद्यापीठं या विषयासाठी ओळखली जातात. पण एक लक्षात ठेवा: पीएचडी करून तिथे संशोधन करता येईल, चष्म्याचा नंबर काढता येणार नाही. अमेरिकेत ऑप्टोमेट्रिस्ट व्हायला तिथली ओडी ही चार वर्षांची पदवी लागते. आणि भारतातल्या एमएस सर्जनलाही तिथे यूएसएमएलई देऊन रेसिडेन्सी सहसा नव्याने करावी लागते.

एआय आल्यावर या डिग्र्यांचं काय?

२०१६ मध्ये गुगलच्या टीमने मधुमेहामुळे पडदा खराब झालाय का हे फोटोवरून ओळखणारं मॉडेल प्रसिद्ध केलं. त्यात अमेरिकेसोबत भारतातल्या अरविंद, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय यांचेही फोटो होते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने डॉक्टरशिवाय निर्णय देणाऱ्या अशा पहिल्या यंत्रणेला परवानगी दिली. हे वाचून मुलं विचारतात, मग आम्ही शिकायचं कशाला?

गुगलचंच मॉडेल थायलंडच्या साध्या क्लिनिकमध्ये गेलं तेव्हा सुमारे एक पंचमांश फोटो त्याने "क्वालिटी चांगली नाही" म्हणून नाकारले. खोलीत उजेड जास्त, नर्सकडे वेळ कमी. माझं रोजचं कामही हेच आहे: फोटो धूसर आला तो बाहुली लहान होती म्हणून, मोतीबिंदू होता म्हणून, की लेन्सवर बोटाचा डाग होता म्हणून, हे ठरवणं. ते ठरवायला डोळा शिकलेला माणूस लागतो, आणि त्याला थोडं पायथॉन येत असेल तर कंपन्यांमध्ये त्याला चांगली मागणी असते.

फोनवरून आजच सुरुवात कशी करायची?

यूटा विद्यापीठात सुरू झालेलं वेबव्हिजन हे पडद्यावरचं पुस्तक फुकट आहे. अमेरिकन नेत्रतज्ज्ञ संघटनेचं आयविकी पण. भाषा जड वाटेल, एकेक चित्र घेऊन वाचा. कॅगलवर २०१९ च्या एप्टॉस स्पर्धेचे अरविंदने जमवलेले पडद्याचे फोटो आहेत, आजाराच्या ० ते ४ अशा पायऱ्यांसह.

आणि आयडीआरआयडी नावाचा डेटासेट शोधा. ५१६ फोटो आहेत, २०१८ मध्ये जगभरच्या टीम्स त्यावर स्पर्धेत उतरल्या होत्या. ते फोटो नांदेडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात काढलेले आहेत, आणि डेटासेट उभा केला तो नांदेडच्याच गुरु गोविंदसिंगजी इंजिनिअरिंग कॉलेजच्या लोकांनी पुढाकार घेऊन. पहिले दहा फोटो उघडा, फोन आडवा धरा, झूम करा आणि पिवळसर ठिपके कुठे दिसतात ते कागदावर काढा. मग डेटासेटमध्ये तज्ज्ञांनी केलेल्या खुणांशी ताडून बघा.