कोल्हापूर-मुंबई विमानप्रवास तासाभराचा. कबनूरकरांना मात्र लागतात पाच तास

कबनूर (प्रतिनिधी) : कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ व मुंबई विमानतळ यांच्यातील सरळ रेषेतील हवाई अंतर सुमारे ३०८ किलोमीटर, म्हणजेच १६६ सागरी मैल आहे. रस्त्याने हेच अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास भरते. लोहमार्ग तर कोल्हापुरातून आधी पूर्वेला मिरजेकडे जातो आणि मग सातारा-पुण्याच्या दिशेने वळतो. त्यामुळे आगगाडीला पाचशे किलोमीटरहून अधिक मजल मारावी लागते.

ताशी पाचशे किलोमीटर वेगाच्या पंख्याच्या विमानाला हे अंतर कापण्यास गणिताने ३७ मिनिटे लागावीत, तर ताशी आठशे किलोमीटरच्या जेट विमानाला २३. वेळापत्रकात मात्र तासाभराचा अवधी धरलेला असतो, कारण ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतची असते. एवढ्या थोड्या अंतरात चढण आणि उतरण यांतच बराच वेळ जातो. पूर्ण वेग फार काळ मिळत नाही. मुंबईवर गर्दी असली, तर घिरट्या घालाव्या लागतात त्या वेगळ्याच. त्यामुळे विमान कोणतेही असो, प्रवाशाच्या पदरात पडणारा फरक काही मिनिटांचाच.

कबनूर-इचलकरंजीतील यंत्रमागधारकाला काळबादेवीच्या कापड बाजारात जायचे असेल, तर हिशेब आणखी बदलतो. उजळाईवाडी गाठण्यास सुमारे तास, उड्डाणापूर्वी दीड तास, विमानात तास, सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास आणि पुढे मुंबईच्या वाहतुकीतून सव्वा तास. बेरीज सव्वापाच तासांची होते. मोटारीने सात ते आठ तास लागतात, म्हणजे वाचतात दोन-तीन तास. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सुमारे अकरा तास घेते, पण त्यातले बरेचसे तास झोपेत जातात आणि कामाचा दिवस मोडत नाही. सकाळी बाजारात पोहोचणे एवढेच उद्दिष्ट असेल, तर ही गाडी अजूनही सरस म्हणावी लागेल. त्याच दिवशी घरी परतायचे असेल, तर मात्र विमानाला पर्याय नाही. अर्थात परतीचे उड्डाण सोयीच्या वेळी असेल तरच!

खरी अडचण सेवेच्या सातत्याची राहिली आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झालेल्या या विमानतळाने प्रवासी सेवा बंद पडलेली वर्षेही पाहिली आहेत. 'उडान' योजनेखाली एप्रिल २०१८ मध्ये १९ आसनी विमानाने मुंबई सेवा सुरू झाली, पण ती टिकली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टार एअरने पुन्हा मुंबईसाठी उड्डाण केले. नव्या टर्मिनलचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले. इमारत नवी झाली तरी व्यापाऱ्याच्या दृष्टीने महत्त्व वेळापत्रकालाच. तिकीट काढण्यापूर्वी त्या दिवशी विमान आहे का आणि परतीचे किती वाजता आहे, हे पाहून घेणे इष्ट.

लांबच्या शहरांसाठी हा हिशेब विमानाच्या बाजूने झुकतो. कोल्हापूरहून हैदराबादचे हवाई अंतर सुमारे ४४५ किलोमीटर, तर बंगळूरचे ५३१ किलोमीटर आहे. विमानतळावर जाणारा वेळ तेवढाच राहतो, उड्डाण फार तर अर्ध्या तासाने वाढते. मोटारीने मात्र हैदराबादला जाण्यात अख्खा दिवस मोडतो.