मोहाखालीचे कॉलरा रुग्णालय : सहा दशकांची वाटचाल

१९६० च्या डिसेंबरात ढाक्यातील मोहाखाली भागात कॉलऱ्यावर संशोधन करणारी एक प्रयोगशाळा सुरू झाली. ढाका तेव्हा पूर्व पाकिस्तानची राजधानी होती आणि प्रयोगशाळेच्या पाठीशी होता सिएटो हा आग्नेय आशियातील लष्करी करार. शीतयुद्धाच्या त्या काळात अमेरिकेला या भागात मित्र हवे होते. शिवाय आपले सैनिक जिथे पाठवावे लागतील तिथल्या पटकीची धास्तीही होती. पैसा मुख्यतः अमेरिकेचा, जागा सरकारी सार्वजनिक आरोग्य संस्थेची आणि रोगी बंगालचे, असा हा मामला होता. हेतू निव्वळ परोपकाराचा नव्हता, हे आधीच मान्य केलेले बरे. तो करार १९७७ मध्ये गुंडाळला गेला आणि आज तो फारसा कुणाला आठवतही नाही. प्रयोगशाळा मात्र उभी आहे आणि ढाकेकर तिला आजही 'कॉलरा हॉस्पिटल' म्हणूनच ओळखतात.

जागेची निवड अचूक होती. गंगा-ब्रह्मपुत्रेचा त्रिभुज प्रदेश हे पटकीचे माहेरघर. १८१७ ची जगभर पसरलेली साथ इथूनच निघाली. आपल्याकडे जशी गावाच्या वेशीवर मरीआई, तशी बंगालात ओलाबीबी. हिंदू-मुसलमान दोघेही तिला नवस बोलत. फ्रेड सोपर या मुरलेल्या साथरोगतज्ज्ञाने पहिले संचालकपद सांभाळले. १९६२ पासून रुग्णालयात रोगी येऊ लागले. मध्यभागी भोक असलेल्या कॅनव्हासच्या खाटा आणि खाली खुणा केलेल्या बादल्या, ही तिथली मुख्य सामग्री. बादलीत जितके पाणी पडले तितके शिरेतून परत द्यायचे, हा उपचाराचा गाभा.

तेव्हाची खरी अडचण इथेच होती. कॉलऱ्यावरचा उपचार अज्ञात नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात सलाईनच्या बळावर मृत्यूंचे प्रमाण बरेच खाली आणले होते. पण गंभीर रुग्णाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. एकेका माणसाला दहा-पंधरा लिटर निर्जंतुक सलाईन, सुया, नळ्या आणि शीर शोधणारा तरबेज हात एवढे सगळे लागे. साथ यायची ती रस्ते आणि वीज नसलेल्या, पावसाळ्यात बेटासारख्या उरणाऱ्या खेड्यांत. उपचार माहीत असूनही माणसे मरत होती, कारण तो त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. संस्थेच्या पुढच्या साऱ्या कामाचे मूळ या एका पेचात आहे.

१९६३ मध्ये ढाक्याच्या आग्नेयेला सुमारे ५५ किलोमीटरवर, मेघना नदीच्या खोऱ्यातील मतलब येथे क्षेत्रीय केंद्र सुरू झाले. आरंभी तिथले रुग्णालय एका तरंगत्या तराफ्यावर होते आणि रोगी आणायला स्पीडबोट धावे. इथे तेव्हाच्या टोचून घ्यायच्या लसीची कसून परीक्षा झाली. निकाल निराशाजनक निघाला : संरक्षण अपुरे आणि तेही काही महिन्यांपुरते. असा नकारार्थी निकाल छापायलाही धारिष्ट्य लागते. पुढे १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी कॉलरा लसीच्या दाखल्याची सक्ती उठली, त्यामागे अशा चाचण्यांचा मोठा वाटा होता. या चाचण्यांसाठी मतलबमध्ये घरोघर फिरून जन्म, मृत्यू, विवाह, स्थलांतर यांची नोंद ठेवण्याची घडी बसली. १९६६ पासून ती नोंद चालू आहे. गावोगावच्या महिला कार्यकर्त्यांनी भरलेल्या या वह्या नसत्या, तर १९७४-७५ च्या दुष्काळाने मतलबच्या गावांत किती जीव घेतले ते मोजायला काही साधनच उरले नसते. विकसनशील जगात लोकसंख्येची इतकी दीर्घ आणि सलग नोंद क्वचितच कुठे सापडेल.

आता १९६८ कडे वळायला हवे, आणि इथे थोडे रेंगाळायलाही हवे.

आतड्यात साखर आणि मीठ एकत्र असले की मीठ शोषले जाते आणि त्यामागोमाग पाणीही, हे शरीरविज्ञानाला तोवर कळले होते. कॉलऱ्यात आतडे पाणी बाहेर टाकत असले तरी ही शोषणाची वाट शाबूत राहते. कलकत्त्याच्या डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्येच तोंडावाटे मीठ-ग्लुकोजचे पाणी देऊन १८६ रुग्ण बरे केल्याचे 'लॅन्सेट' मध्ये लिहिले होते. त्याची दखल घेतली गेली नाही. शास्त्रीय तुलना नसल्याचे कारण पुढे देण्यात आले. लेखाखालचा पत्ता पाश्चात्त्य विद्यापीठाचा असता तर काय झाले असते, हा प्रश्न मात्र उरतोच. ढाक्याच्या प्रयोगशाळेचे तेव्हाचे संचालक रॉबर्ट फिलिप्स यांनी स्वतः फिलिपिन्समध्ये असा प्रयोग केला होता. द्रावण फार तीव्र झाल्याने त्यात काही रुग्ण दगावले. तो घाव त्यांच्या मनातून गेला नव्हता, म्हणून नव्या प्रयोगाला परवानगी देताना ते अतिशय सावध होते.

डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश हे पंचविशीतले दोन अमेरिकी डॉक्टर तेव्हा तिथे रुजू होते. चितगाव भागातील मालुमघाट येथे झालेला आधीचा प्रयत्न फसला होता. तो का फसला याचा विचार करताना नलिन यांना उत्तर सापडले : अंगातून जितके पाणी गेले तितकेच तोंडाने परत गेले पाहिजे, ठरावीक मापाने नव्हे. म्हणजे पुन्हा बादलीचाच हिशेब. रफिकुल इस्लाम आणि अब्दुल मजीद मोल्ला या बंगाली सहकाऱ्यांसह त्यांनी २९ रुग्णांवर चाचणी केली. दोघे अमेरिकी डॉक्टर रात्रंदिवस पाळ्या लावून खाटांजवळ थांबले. सलाईनची गरज ८० टक्क्यांनी घटली. १९६८ च्या ऑगस्टमध्ये हा निबंध 'लॅन्सेट' मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातल्या आरोग्य केंद्रांतून जलसंजीवनी म्हणून मिळणाऱ्या पुडीची मुळे त्या वॉर्डात आहेत.

द्रावण रुग्णालयाबाहेर टिकते का, याची परीक्षा १९७१ ने घेतली. बांगलादेशचा मुक्तिसंग्राम पेटला, बहुतेक परदेशी शास्त्रज्ञ मायदेशी परतले आणि प्रयोगशाळा बंगाली कर्मचाऱ्यांनी जिवाच्या कराराने चालू ठेवली. सीमेपलीकडे पश्चिम बंगालात निर्वासितांचे लोंढे येत होते. बनगाव येथे डॉ. दिलीप महालनोबिस यांच्याजवळचे सलाईन संपले. ते या संस्थेचे नव्हते. कलकत्त्यातील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधन केंद्रात काम करत. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पिशव्या भरल्या, पिंपात पाणी कालवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. शिबिरातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. महालनोबिस पुढे ढाक्याच्या संस्थेतही काम करून गेले. भारताने त्यांना पद्मविभूषण दिले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

स्वातंत्र्यानंतरची वर्षे ओढाताणीची होती. सिएटोचा आधार गेला, अमेरिकी निधी आटला, माणसे कमी करावी लागली. संस्था बंद करावी असेही मत होते. वाट निघाली ती तिला एका देशाच्या छत्राखालून काढून आंतरराष्ट्रीय करण्याची. १९७८ च्या डिसेंबरात बांगलादेश सरकारने अध्यादेश काढला आणि १९७९ मध्ये 'आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्र, बांगलादेश' कामाला लागले. आज 'आयसीडीडीआर,बी' या आद्याक्षरांनी ते जगभर ओळखले जाते. पहिले संचालक विल्यम ग्रीनो हे साठच्या दशकात याच वॉर्डात काम केलेले डॉक्टर. त्याच सुमारास रुग्णालयात येणाऱ्या दर पंचविसाव्या रुग्णाची सविस्तर तपासणी आणि नोंद सुरू झाली. १९९६ पासून ती दर पन्नासाव्या रुग्णाची होते. कोणता जंतू वाढतो आहे, कोणते औषध त्याला दाद देईनासे झाले, हे या नोंदीतून कळत राहते.

पण शोध लागला म्हणजे तो घरी पोहोचला असे नव्हे. ते काम प्रामुख्याने 'ब्रॅक' या फजले हसन अबेद यांच्या संस्थेने केले आणि त्याचे श्रेय तिलाच द्यायला हवे. १९८० ते १९९० या दशकात तिच्या महिला कार्यकर्त्या घरोघर गेल्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. 'लोबोन-गुर' चा हा धडा सव्वा कोटीच्या आसपास घरांत शिकवला गेला. पगार घरे मोजून नव्हे, आईच्या लक्षात किती राहिले त्यावर ठरे. तिने बनवलेले पाणी प्रयोगशाळेत तपासले जाई. सुरुवातीला खुद्द कार्यकर्त्यांचाच या पाण्यावर विश्वास नव्हता. तो बसावा म्हणून त्यांना आधी प्रशिक्षण द्यावे लागले.

मतलबमध्ये दरम्यान १९८५ साली तोंडावाटे द्यायच्या लसीची मोठी चाचणी झाली. साठ हजारांहून अधिक स्त्रिया आणि मुलांनी तीन मात्रा पूर्ण केल्या. तीन वर्षांत निम्म्याच्या आसपास संरक्षण दिसले. १९९४ च्या जुलैत रवांडाचे लाखो निर्वासित झाईरमधील गोमा येथे जमले. महिनाभरात पटकी आणि रक्ती हगवणीने पन्नास हजारांच्या आसपास माणसे गेली. ढाक्याहून गेलेल्या संस्थेच्या पथकाला तिथे साधनांपेक्षा अनुभवाचा तुटवडा आढळला : सलाईन चुकीचे, देण्याचा वेग मंद, तोंडाने पाणी पाजण्याकडे दुर्लक्ष. श्रीमंत देशांची मदत पोहोचली होती. कॉलरा रोज पाहणारे डोळे बांगलादेशातून जावे लागले.

रिटा कोलवेल आणि अन्वर हक या शास्त्रज्ञांचा प्रयोगही मतलबचाच. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात. ते जीव अडवले की जंतूही बरेच अडतात. जुनी सुती साडी चौपदरी करून तिने पाणी गाळायला ६५ गावांत शिकवण्यात आले. नवी साडी चालत नाही. वापरून धुऊन धागे फुललेले असले म्हणजे छिद्रे बारीक होतात. २००३ मध्ये निष्कर्ष आला : कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी. पाच वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा ३१ टक्के घरांत पाणी गाळणे चालू होते. हा आकडा कमी वाटेल, पण मधल्या काळात आठवण करून द्यायला कुणी गेले नव्हते.

२००१ मध्ये संस्थेला जागतिक आरोग्याचा पहिला गेट्स पुरस्कार मिळाला. अतिसारात जस्त द्यावे, या २००४ च्या जागतिक शिफारशीमागेही मतलबच्या अभ्यासाचा आधार होता. संस्थेतील डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी न्यूमोनियाच्या मुलांसाठी महागड्या यंत्राऐवजी शॅम्पूची रिकामी बाटली वापरली. नळीचे टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवले की उच्छ्वासाचे बुडबुडे होतात आणि त्या दाबाने फुप्फुसे उघडी राहतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीचा ऑक्सिजन दिलेल्या ६७ मुलांपैकी १० दगावली, बाटली लावलेल्या ७९ पैकी ३. डॉ. फिरदौसी कादरी यांनी स्वस्त तोंडी लस सरकारी यंत्रणेतून देता येते, हे ढाक्याच्या मीरपूर वस्तीत दाखवले. त्याचा उपयोग २०१७ च्या ऑक्टोबरात झाला. कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांत सुमारे सात लाख लोकांना लस देण्यात आली आणि भीती होती तशी मोठी साथ आली नाही. २०२१ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी डॉ. तहमीद अहमद कार्यकारी संचालक झाले. या पदावर पहिला बांगलादेशी यायला साठ वर्षे लागली, हेही वाटचालीत नोंदवले पाहिजे. पुढच्याच उन्हाळ्यात, २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये, दिवसाला बाराशेहून अधिक रुग्ण येऊ लागले. आवारात तंबू ठोकले गेले आणि कुणालाही परत पाठवायचे नाही, हा जुना नियम पाळला गेला.

२०२५ च्या आरंभी अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि संस्थेला एक हजाराहून अधिक कर्मचाऱ्यांना कमी करावे लागले. त्यांत क्षयरोगाच्या प्रकल्पांवर काम करणारे बरेच होते. सत्तरच्या दशकातील टंचाईनंतरचा हा सर्वांत मोठा आघात. रुग्णालयातील उपचार विनामूल्यच राहिले आहेत, मतलबच्या वह्या आता टॅबवर भरल्या जातात आणि बांगलादेश आणि कॅनडा यांचे अनुदान दैनंदिन कारभाराला हातभार लावते. कमी झालेल्या हातांची जागा कशी भरायची, हा सध्या संस्थेपुढचा प्रश्न आहे.