वाऱ्याचा अडसर आणि मोहाची टोपली

फाल्गुनात मोह गळू लागला की आमच्या भागातली माणसे घड्याळाकडे नव्हे, आभाळाकडे पाहून उठतात. रात्री गळालेली फुले उजाडता उजाडता वेचायची, अंगणात चार उन्हे द्यायची, मग बाजार दाखवायचा. नेमक्या त्याच दिवसांत कधी कधी ढग दाटतात, वारा फिरतो, गारा पडतात. झाडावरची कळी मातीत जाते आणि अंगणातले फूल काळे पडते. याला आपण ‘अवकाळी’ म्हणतो आणि कपाळाला हात लावतो. श्रोतेहो, मला आज या शब्दाशीच थोडे भांडायचे आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. मजुरांच्या संघटनेत उमर गेली, आणि जे काही वाचले ते वडशाच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत वाचले. वाचता वाचता ध्यानात आले ते एवढे, की या अवकाळीलाही काळ आहे, वाट आहे, आणि ती वाट कशी अडते हे माणसाने बऱ्याच कष्टाने शोधून काढले आहे.

हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानावरून, जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर, वाऱ्याचा एक प्रचंड प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले विक्षोभ त्याच्याबरोबर इराण-अफगाणिस्तान ओलांडून येतात आणि हिमालयावर बर्फ टाकतात. हा प्रवाह दक्षिणेकडे खोल झुकला की त्याचा परिणाम मध्य हिंदुस्थानापर्यंत पोचतो. वर थंड हवा, खाली समुद्रावरून आलेली ओल, आणि मार्चचे तापते ऊन. गारेला आणखी काय पाहिजे?

हिमालयावरच्या बर्फाचा आपल्या पोटाशी संबंध आहे, ही गोष्ट पद्धतशीर मांडली ती हेन्री ब्लॅनफर्ड यांनी. १८७५ साली हिंदुस्थान सरकारचे हवामान खाते निघाले, त्याचे हे पहिले प्रमुख. (त्याच वर्षी न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. म्हणजे आपले हे ऐकणे आणि सरकारचे ते आभाळ पाहणे समवयस्क आहेत.) लगेच १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. १८८४ साली ब्लॅनफर्डांनी लिहिले, की हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात हिमालयावर बर्फ फार पडले तर पुढचा पावसाळा हात आखडतो. हा नियम पुढे काही वर्षी खरा ठरला, काही वर्षी फसला. पण बर्फ एखाद्या वर्षी येऊन जाते आणि एखाद्या वर्षी ठाण मांडते, हे का? त्याचे उत्तर ब्लॅनफर्डांच्या हाती नव्हते, कारण वरच्या हवेत डोकवायला त्या काळी साधनच नव्हते.

ते उत्तर स्टॉकहोममध्ये सापडले. कार्ल-गुस्ताव रॉस्बी या स्वीडिश पंडिताने उंचावरच्या वाऱ्यातील लांबच लांब लाटांचे गणित मांडले होते. त्यांच्याच वर्तुळात काम करणाऱ्या डॅनियल रेक्स या अमेरिकन नौदलातील अधिकाऱ्याने १९५० साली ‘ब्लॉकिंग’चा, आपण अडसर म्हणू, सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. आपली वैनगंगा डोळ्यांपुढे आणा. पात्रात वाळूचे बेट आले की धार दुभंगते, अर्धी इकडून, अर्धी तिकडून. वाऱ्याच्या प्रवाहातही जास्त दाबाच्या हवेचे असे एक बेट तयार होते आणि बसून राहते. फरक इतकाच, की हे बेट प्रवाहाने स्वतःच घडवलेले असते. रेक्स यांनी तर दहा दिवस टिकेल त्यालाच अडसर म्हणायचे ठरवले. मग जी वादळे एका दिवसात पुढे सरकली असती, ती बेटाला वळसा घालून पुन्हा पुन्हा एकाच मुलखावर येतात.

असा अडसर पडला म्हणजे काय होते, ते १९४७ च्या इंग्लंडला विचारावे. त्या साली उत्तरेकडे जास्त दाबाची हवा ठाण मांडून बसली आणि पूर्वेकडून गोठवणारे वारे सुरू झाले. २२ जानेवारीपासून १७ मार्चपर्यंत एकही दिवस असा गेला नाही, की ब्रिटनमध्ये कुठे ना कुठे बर्फ पडले नाही. १ जानेवारीलाच तिथल्या कोळसा खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या होत्या. कोळशाचा साठा आधीच तुटपुंजा, त्यात निघालेला कोळसा बर्फात अडकलेल्या वाघिणींत पडून राहिला. ७ फेब्रुवारीला इंधनमंत्री शिनवेल यांनी कारखान्यांची वीज तोडण्याची घोषणा केली आणि वीस लाखांवर कामगार घरी बसले. बर्फ वितळले ते महापूर घेऊनच. याच धांदलीत, २० फेब्रुवारीला, ॲटली यांनी हिंदुस्थान सोडण्याची मुदत जाहीर केली. बर्फाने आपल्याला स्वातंत्र्य दिले असे म्हणणे पोरकटपणाचे होईल; पण कोळसा संपलेल्या घराला दूरचा वाडा राखणे जड जाते, हे मात्र खरे.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. २००८ च्या जानेवारीत उरल पर्वत आणि पश्चिम सायबेरियाच्या बाजूला असाच अडसर टिकून राहिला. त्याने थंड हवा चीनमध्ये लोटली, आणि दक्षिणेकडून तिला जी ओल मिळाली त्यात आपल्या बंगालच्या उपसागराचाही वाटा होता. हूनान, क्वीचौ या समुद्रापासून दूरच्या प्रांतांत बर्फ आणि गोठणारा पाऊस पडत राहिला. विजेचे मनोरे बर्फाच्या भाराने कोसळले, गाड्या थांबल्या. ७ फेब्रुवारीला त्यांचे नववर्ष होते. वर्षभर कारखान्यांत राबून गावी निघालेले लाखो मजूर क्वांगचौच्या स्टेशनाबाहेर थंडीपावसात उभे राहिले. ज्याने हंगामी मजुरांचे लोंढे स्टेशनावर पाहिले आहेत, त्याला हे चित्र निराळे समजावून सांगायला नको.

आपल्याकडे बर्फ नाही, गारा आहेत. आणि पुरता अडसर नसला, वरच्या वाऱ्याची लाट नुसती पुन्हा पुन्हा दक्षिणेला झुकत राहिली, तरी आपल्याला तेवढे पुरते. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत तेच झाले. त्या वेळच्या ३५ जिल्ह्यांपैकी २८ जिल्ह्यांत गारपीट झाली. गहू, हरभरा, द्राक्ष, संत्रा, सारे झोडपले गेले. पंचनामे झाले, मदत हेक्टरावर ठरली. ज्याची जमीन त्याला मदत, हे योग्यच होते.

पण हेक्टर नसलेल्याचे काय? वीटभट्टीवर मजुरी हजारी मोजतात. एका मार्चमध्ये भट्टीवरच्या कच्च्या विटा एका रात्रीत चिखल झाल्या आणि मालकाने सकाळी उभ्या राहिलेल्या तेवढ्याच विटा मोजल्या. थापलेल्या विटांचे श्रम पावसाने वाहून नेले काय? तीन दिवस भांडलो तेव्हा निम्मी मजुरी पदरात पडली. पावसाचा इशारा दोन दिवस आधी मालकाच्या मोबाईलवर आलेला होता; ताडपत्री मात्र आली नव्हती. आपल्या लोकांत अस्मानी आणि सुलतानी असे दोन शब्द आहेत. गार अस्मानी आहे, हे मी कबूल करतो. मोजदाद अस्मानी नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने मोहफूल, तेंदूपान अशा गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली. मालकी मान्य आहे तर नुकसानही मान्य व्हायला पाहिजे, असे मला साधे वाटते. गारपिटीनंतर कोरचीकडच्या चार बायांना घेऊन मी एका कचेरीत गेलो होतो. कारकून भला माणूस होता. त्याने कागद पुढे ओढला आणि विचारले, “सातबारा आणला का, आजी?” त्यांतली वडीलधारी बाई म्हणाली, “साहेब, मोहाचा सातबारा कोनापाशी राह्यते जी?” त्याने कागद पुन्हा जागेवर ठेवला.

तेव्हापासून आम्ही एक वही घातली आहे. कोणत्या दिवशी ढग आले, कोणत्या रात्री गार पडली, आदल्या दिवशी टोपली किती भरली होती आणि दुसऱ्या दिवशी किती, असे गावागावांतल्या शिकलेल्या पोरी लिहून ठेवतात. हवामान खात्याच्या नोंदीशी तारखा जुळवून पाहतो. वही आज मी बरोबर आणली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी व्याख्यानानंतर टेबलाजवळ यावे.