हृदयरोपणाचा इतिहास आणि आमच्या मुली

डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउन येथे डॉ. बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले रोपण केले. पुढील फेब्रुवारीतच मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते धाडस केले. रोगी काही तासच जगला. तरी हा प्रयत्न आम्ही थोरच मानतो.

आमच्या जुन्या शहरात मात्र मुलांच्या घशाच्या दुखण्याकडे अद्याप काणाडोळा होतो. त्यातूनच सांधेताप उद्भवून हृदयाच्या झडपा बिघडतात. वेळीच पेनिसिलिन मिळाल्यास हे टळते. झडप बिघडलेल्या मुलीस 'हिला झेपणार नाही' म्हणून, वैद्याला न विचारताच, विज्ञानशाखेपासून दूर ठेवणे आम्हांस अन्यायाचे वाटते. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील प्रवेशपरीक्षेस ज्ञातिमंडळाने यंदा अशा चार मुली तरी बसवाव्यात.