मीटरवर न दिसणारा भार

दक्षिण फ्रान्समध्ये कादाराश इथे उभ्या राहत असलेल्या 'ईटर' या संमीलन अणुभट्टीचा विषय निघाला, की एक आक्षेप हमखास येतो. प्रयोगाच्या वेळी ती ग्रिडमधून ५०० मेगावॉटपर्यंत वीज ओढणार, अर्ध्या मिनिटापुरती तर ६२० पर्यंत. एवढ्यानं ग्रिड कोलमडेल. तेव्हा भट्टीला स्वतःचं वीजकेंद्र हवं, निदान इंग्लंडमधल्या 'जेट' या संमीलन यंत्रासारखी फ्लायव्हील तरी हवीत, असा हा पूर्वपक्ष.

जेटचा दाखला वजनदार आहे, अगदी शब्दशः. कुलहॅमला १९८३ ते २०२३ चाललेल्या त्या यंत्राच्या दिमतीला प्रत्येकी ७७५ टनांची दोन चाकं होती. मोटर त्यांना काही मिनिटं दमानं फिरवत मिनिटाला २२५ फेऱ्यांपर्यंत नेई, आणि ती साठवण प्रयोगाच्या काही सेकंदांत रिकामी होई. पण जेटच्या चुंबकांची वेटोळी तांब्याची होती. तांबं तापतं, म्हणजे खरीखुरी वीज जळते. शिवाय ब्रिटनचं ग्रिड बेटावरचं, एकटं. ईटर जोडलेली असेल ती पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत एका तालात चालणाऱ्या जाळ्याला, आणि ते जाळं ३००० मेगावॉटची निर्मिती एकाएकी गेली तरी तग धरेल अशा बेतानं चालवलं जातं. त्याच्यापुढे ५०० मेगावॉटचं भय कसलं?

खरी गोम या मेगावॉटवाल्यांच्या नजरेतून निसटते. ईटरची वेटोळी अतिवाहक आहेत, त्यांना रोध नाही. वेटोळ्यात प्रवाह चढवताना व्होल्टेज लागतं. एकदा तो चढला की टिकवायला जवळपास काहीच लागत नाही. हे व्होल्टेज कमी-जास्त करतात थायरिस्टर नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच. कमी करायचं म्हणजे प्रत्येक लहरीत थायरिस्टर उशिरा चालू करायचा. ५० हर्ट्झच्या विजेत हा उशीर पाच मिलिसेकंदांवर, म्हणजे पाव लहरीवर गेला, की सरासरी व्होल्टेज शून्य. मेगावॉटचा काटाही शून्याशी. तरीही लाइनमधून आणि ट्रान्सफॉर्मरमधून प्रवाह पुरेपूर धावत असतो, व्होल्टेजच्या पाव लहर मागे. हीच रिॲक्टिव्ह पॉवर. तिच्यामुळे आसपासचं व्होल्टेज बसतं. (आपल्याकडे शेतीपंपाला कपॅसिटर बसवा म्हणून महावितरण कानीकपाळी ओरडतं, ते याच दुखण्यापायी.) ज्या अतिवाहकतेला लोक वीज वाचवणारी म्हणून डोक्यावर घेतात, तिनंच पॉवर फॅक्टरची दैना करावी, यातली गंमत मला अजून जुनी झालेली नाही.

यावर वीजकेंद्राचा किंवा फ्लायव्हीलचा उतारा सुचवणं म्हणजे ऊर्जेचा साठा करणं, आणि तुटवडा तर ऊर्जेचा नाहीच. रिॲक्टिव्ह पॉवर (तिचं माप मेगाव्हार) जिथं लागते तिथंच पुरवायची असते. म्हणून ईटरमध्ये ६६ किलोव्होल्टवर प्रत्येकी २५० मेगाव्हारचे तीन संच योजले आहेत. त्यांतले कपॅसिटर-फिल्टर सतत पुरवठा करणार, आणि जास्तीचं तेवढं थायरिस्टरनं नियंत्रित रिॲक्टर लहरी-दोन लहरींत गिळणार. एकूण ७५०; फ्रेंच ग्रिडकडून घ्यायची मुभा फक्त २०० मेगाव्हारची.

दुसरी भीती, वीज गेली तर भट्टी फुटेल, ही तर संमीलनाला विखंडन समजल्यामुळे आलेली. वीज गेली की प्लाझ्मा विझतो. मोठ्या वेटोळ्यांतली ४१ गिगाज्यूल ऊर्जा रोधकांत उतरवायची व्यवस्था आहे. अखंड वीज लागते ती शीतकरणाला, आणि त्या पुरवठ्याचं जाळं मुळातच वेगळं आहे.

पूर्वपक्षाचं एक मात्र मान्य करायला हवं. प्लाझ्मा जागेवर धरताना मागणी क्षणाक्षणाला उड्या मारते, त्यामुळे बदलाच्या वेगाला मर्यादा घालावीच लागते. पण या उड्या दोन्ही दिशांना असतात. वेटोळ्यातला प्रवाह उतरवताना त्यातली ऊर्जा त्याच थायरिस्टरांमधून ग्रिडकडे परत जाते, आणि आक्षेपकांच्या वहीत जमेचा रकानाच नसतो.